चाळीस डाव्या बाह्या

दूध वर यायला आणि आमच्या ह्यांचा चष्मा हरवायला रोज एकच वेळ सापडते. त्या सकाळीही एक डोळा पातेल्यावर ठेवून मी "फ्रिजवर बघा, फ्रिजवर!" म्हणून ओरडत होते, तेवढ्यात दार वाजलं. वरच्या मजल्यावरची कटरबाई होती. ती कधी दार वाजवत नाही, जिन्यातूनच "काकू, आले हो" म्हणत आत शिरते. म्हणून मला काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं.

अंगात कामाचा एप्रन, त्यातून दिसणारं पाचव्या महिन्याचं पोट, आणि हातात कापडाचा एक तुकडा.

"काय गं, कामावर नाही गेलीस?"

"काल चाळीस डाव्या बाह्या कापल्या, काकू," ती म्हणाली आणि हातातली बाही पुढे करत उंबऱ्यातच बसली.

कटरबाई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापते. कापडाचे वीस थर अंथरायचे, त्यावर पुठ्ठ्याचा साचा ठेवून खडूने आखायचं आणि मशीनने एकदम कापायचं. बाहीचा साचा एकदा सुलटा ठेवायचा, एकदा उलटा, तेव्हा कुठे उजव्या-डाव्याची जोडी होते. बारा वर्षांत तिचं माप कधी चुकलं नव्हतं. मुकादमाचं कुठे अडलं की तोही "बाईंना विचारा" म्हणतो. आणि काल ती साचा उलटायलाच विसरली.

मला हसू येणार होतं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून ते जिरलं.

"चार रात्री डोळ्याला डोळा नाही. काल मशीन चालू असताना मनात आलं, माझ्यासारखीच्या पोटी या जिवाने कशाला यायचं? मशीन बंद केलं आणि सरळ घरी आले."

मी गॅस बंद केला आणि तिच्याशेजारी बसले. मग एकेक बाहेर आलं. आई गेल्यावर तिला उदासीचा आजार जडला होता, त्यावर तीन वर्षं गोळ्या चालू होत्या. दिवस राहिल्यावर बाळाला बाधतील म्हणून तिने त्या कुणालाही न विचारता एका दिवसात बंद केल्या. तंबाखू मात्र सोळाव्या वर्षापासून गालात होती. कापडाची धूळ घशात जाते म्हणून कारखान्यात सगळ्याच जणी लावतात. गोळ्या सुटल्या आणि तंबाखू दुप्पट झाली.

"अगं, पण पहिल्या तपासणीला नर्सने विचारलं होतं ना?" असं म्हणताना माझी जीभ अडखळली. विचारलं होतं तिला, उत्तर दिलं होतं मी. तिचा नवरा ट्रक घेऊन बाहेरगावी, सासूचे गुडघे धरलेले, म्हणून सोबतीला मी गेले होते. "काही व्यसन? आधीचं काही औषध?" नर्सने विचारलं, आणि मी ठसक्यात म्हणाले, "छे हो! चांगल्या घरची आहे ती." नर्सने कागदावर दोन रेघा मारल्या. कटरबाईने उघडलेलं तोंड मिटलं.

"तुम्ही माझी अब्रूच राखत होतात, काकू."

"डोंबलाची अब्रू! चल, ऊठ. डॉक्टरीणबाईंना मी सांगते, चूक माझी आहे."

"नाही. सांगायचं ते मीच सांगणार."

आणि दवाखान्यात गेल्यावर तिनेच सांगितलं. डॉक्टरीणबाईंच्या खोलीचं दार उघडं, बाहेर बाकावर चार-पाच बायका कान टवकारून बसलेल्या. ही उभ्यानेच म्हणाली, "त्या कागदावरचं खोटं आहे. मी तंबाखू खाते. मला मनाचा आजार आहे, गोळ्या मी माझ्या मनाने बंद केल्या. आणि काल माझ्या मनात वाईट विचार आला." एक शब्दही तिने गाळला नाही. मी मात्र भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. उठून आधी दार लावून घेतलं. "वेळेवर सांगितलंत," त्या म्हणाल्या. "गोळी कोणती, किती, ते आम्ही ठरवू. एकदम बंद करणं बाळालाही बरं नसतं आणि बाळाच्या आईलाही." त्याच दिवशी मनाच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, गोळी पुन्हा सुरू झाली. तंबाखूसाठी दर आठवड्याला समुपदेशक बाईंकडे जायचं ठरलं.

घरी तिच्या सासूबाई तोंड वाकडं करून म्हणाल्या, "आमच्या वेळी मन-बिन नव्हतं. कामं होती."

"असणार की, आई. नाहीतर भांडी एवढी का आपटायचात?" कटरबाई म्हणाली.

सासूबाई हसल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन सुनेसमोर त्याच उभ्या राहू लागल्या. शिवाय स्वतःची तंबाखूची डबी त्यांनी आणून माझ्या गॅलरीत ठेवली. "घरात हिच्या नाकाला वास नको," म्हणाल्या. आता रोज दुपारी गुडघे धरत एक मजला उतरतात, चिमूट लावतात, चूळ भरतात आणि वर जातात.

कटरबाई आठवड्याने कामावर गेली. मुकादमासमोर चूक कबूल केली आणि त्याच रंगाच्या कापडातून चाळीस उजव्या बाह्या कापून जोड्या पुऱ्या केल्या. एप्रनच्या ज्या खिशात पुडी असायची, तिथे आता खडूचा तुकडा असतो. तलफ आली की बोटं त्याच्याशी चाळा करतात. सातव्या महिन्यात एकदा घसरली. त्या संध्याकाळी जिन्यातूनच म्हणाली, "काकू, आज खाल्ली." समुपदेशक बाईंनाही तिने तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, आजपासून पुन्हा." तेव्हापासून नाही.

माझ्या ओळखीत शिकल्यासवरलेल्या पुष्कळ बायका आहेत, मीही त्यांतलीच. पण भरल्या दवाखान्यात स्वतःचा कागद स्वतः दुरुस्त करून घेणारी मी एकच पाहिली, आणि ती माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहते.

आता नववा संपत आलाय. काल ती दवाखान्याची पिशवी भरत होती आणि मी झबल्यांच्या घड्या घालत होते. हातातलं दुपटं बाजूला ठेवून ती म्हणाली, "काकू, सोबत तुम्हीच या. फक्त एक करा. नर्सने मला काही विचारलं, तर उत्तर मला देऊ द्या."