शेठच्या गाडीचे उघडमीट दिवे

जळगावात गाड्यांच्या वायरिंगचं दुकान असलं की किस्से आपोआप साठतात. गिऱ्हाईक वाट बघत बसतं, चहा येतो, बोलणं सुरू होतं. पण आमच्याकडचे निम्मे किस्से एकाच गाडीचे! जामनेरचे कापसाचे व्यापारी कांतीशेठ, त्यांची जुनी परदेशी लाल गाडी. तिचे हेडलाइट बॉनेटमध्ये लपलेले असतात.

*

ती पहिल्यांदा आली तेव्हा चोपड्याचे एक केळीवाले आबा दुकानात बसले होते. शेठनी स्विच दाबला. घुर्रर्र करत बॉनेटमधून दोन दिवे उभे राहिले!

आबांच्या हातातला कप तिरका झाला. "अरे बापरे! हाई गाडीले त पापन्या शेतस!"

गाडीला पापण्या आहेत म्हणे! मग त्यांनी शेठकडून पुन्हा पुन्हा दिवे उघडून-मिटून घेतले. स्वतःचं ट्रॅक्टरचं काम सांगायचंच राहिलं!

*

एकदा डावा दिवा थांबेचना. वर, खाली, वर, खाली! चौकात हवालदारानं गाडी अडवली.

"काय शेठ, वर्दीतल्या माणसाला डोळा मारता?"

*

तो दिवा आम्हीच खोलला. आम्ही म्हणजे मी आणि माझे चुलते, नाना. दिवा खाली न्यायला मोटार उलटी फिरत असणार, म्हणून मी उलट्या करंटची वायर शोधत बसलो. सापडेना!

नाना हसले. "मोटार एकाच बाजूला फिरते रे. सायकलचं पायडल बघ. फिरतं एकीकडेच, पण पाय वर-खाली होतो ना? अर्ध्या फेरीत दिवा वर, उरलेल्या अर्ध्या फेरीत खाली."

"मग नेमका थांबतो कसा?"

"मोटारीवर चकती आहे. दिवा जागेवर आला की ती स्वतःच करंट तोडते. स्विच दाबला की करंटला दुसरी वाट मिळते, पुढची अर्धी फेरी सुरू."

चकतीवर काजळी धरली होती, म्हणून करंट तुटत नव्हता. पुसली. दिवा वर आला अन् टक्कन थांबला. मी बघतच राहिलो. स्वतःचा करंट स्वतःच तोडणारी मोटार!

*

नरडाण्याजवळ संध्याकाळी दिव्याची मोटार बंद पडली. शेठ फोनवर घाबरेघुबरे. नानांनी विचारलं, "दिव्यामागं रबरी टोपी आहे? काढा. आतली मूठ हातानं फिरवा."

थोड्या वेळानं फोनवर भाभींचा, म्हणजे शेठच्या बायकोचा आवाज आला, "नाना, उघडला! बनवणाऱ्यानं किती पुढचा विचार केलाय हो!"

*

आणि मागच्या पावसाळ्यातलं. भडगावकडून येताना फरशीपुलावर पाणी अचानक वाढलं. गाडी बंद. शेठ आणि भाभी दोघं टपावर चढली. अंधारून आलेलं, ओरडणं काठापर्यंत पोचेना. पाणी बॉनेटवर आलं.

आणि दिवे उभे राहिले. दोन्ही. पाण्याच्या वर, लख्ख!

काठावरच्या लोकांनी उजेड बघितला, दोर टाकले, दोघांना ओढून काढलं.

दुसऱ्या दिवशी गाडी टोचन करून दुकानात आली. दिवे अजून वरच. शेठ म्हणाले, "नाना, स्विच मी लावलाच नव्हता." नानांनी पाहिलं. स्विच बंद होता.

"पाणी शिरलं असेल," मी म्हणालो. नाना पाना घेऊन पुढं झाले.

"थांबा," भाभी म्हणाल्या. त्यांनी दोन्ही दिव्यांना कुंकू लावलं, हात जोडले.

"आता खोला."

नानांनी पाना खाली ठेवला अन् आधी स्वतःही हात जोडले.