खिळ्याने कोरलेलं नाव

कामगार संघटनेची पत्रकं वाटून झाली की मी विश्रामबागेतल्या त्याच्या शेडमध्ये टेकायचो. पत्र्याचं काम करणाऱ्या साठीच्या त्या कारागिराकडे एका जुन्या विमानाचे अॅल्युमिनियमचे भाग घडवायचं काम आलं होतं. तो पत्र्याला साबण चोळायचा, पत्रा मऊ व्हावा म्हणून साबण काळा पडेपर्यंत तापवायचा आणि मग वाळूच्या पिशवीवर ठेवून ठोकायचा. खुणा मात्र फक्त पेन्सिलीने करायचा.

विमान पुन्हा उडेल, मालकाचे फोटो छापून येतील आणि याचं नाव कुठेच नसेल, याचा मला संताप यायचा. आठवडाभर खपून त्याने पंखाचा एक भाग पुरा केला. तो चहा सांगायला गेला तेवढ्यात मी त्या भागाच्या आतल्या बाजूला खिळ्याने त्याचं नाव कोरलं.

परत आल्यावर त्याने अक्षरांवरून बोट फिरवलं.

"गड्या, अशा वरखड्यातनंच चीर जाती. माझं नाव वाचाय विमान पडाय पायजे व्हय?"

"मामा, घासून निघणार नाही?"

"निघंल की. पर पत्रा पातळ व्हईल."

त्याने कात्रीने तो भाग मधोमध कापला. मग नवा पत्रा पसरून साबणाची वडी माझ्याकडे सरकवली.

"चोळ."