कोळंबीच्या पातेल्यातला सॉस

अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाकडं. चौथीत शाळा सुटली, तेव्हा माफी असावी.

टोमॅटो मातीमोल झाले, तेव्हा नणंदेकडून उसने पैसे घेऊन मी कासा गावच्या बाजारातून क्रेटभर आणले. सॉस करून डहाणूतल्या मास्तरणींना विकायचा होता. नणंद रोज दारात. "काय वहिनी, कारखाना चालू झाला का? माझे पैसे बुडवू नका हं!"

टोमॅटो उकडून गाळले, साखर, मीठ, मिरची आणि व्हिनेगर घालून आटवले. मोठं पातेलं एकच, कोळंबी उकडायचं. आम्हा कोळ्यांची नाकं जन्मापासून खारवलेली, त्यामुळे सॉसला लागलेला कोळंबीचा वास घरात कुणालाच आला नाही. पहिल्याच मास्तरणीने झाकण उघडलं आणि पदर नाकाला लावला. "अहो, आम्ही माळकरी!" सगळ्या बाटल्या परत आल्या. नणंदेच्या घरी दिवाळीच.

पण तिच्याच नवऱ्याने तळलेल्या बोंबलाला तो सॉस लावून खाल्ला आणि बंदरावर बोलला. होडीवाल्यांनी एक सोडून सगळ्या बाटल्या विकत उचलल्या. शेवटच्या बाटलीवर नणंदेचा डोळा. "घरच्या माणसाला कसले पैसे, वहिनी?"

बाटली मी दिली. त्याआधी तिचे सगळे पैसे तिच्या हातात ठेवले.