रविवारी संध्याकाळी मेस बंद

साळवे मॅडम जेवायला बोलवायच्या त्या रविवारी संध्याकाळी. कतारमध्ये राहिलेल्या माणसाला यातली गंमत सांगावी लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. रविवार हा कामाचा पहिला दिवस, तुमच्या सोमवारसारखा तोंड वाकडं करून येणारा. त्या दिवशी माणूस ऑफिसातून घरी येतो तो थेट सोफ्यावर आडवा होण्यासाठी. नेमक्या त्याच वेळी ह्या बाई अल थुमामातल्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये भाकऱ्या थापत असायच्या आणि फोन करून दरडावायच्या, "काय करायलीस गं? ये की. येसर आमटी केलीय."

पहिलं बोलावणं आलं तेव्हा आम्ही अल वक्र्याला नवीनच राहायला आलो होतो. माझी मुलगी जुई त्यांच्या शाळेत अकरावीला, एवढीच काय ती ओळख. मी म्हटलं, "शुक्रवारी ठेवूया का मॅडम? निवांत गप्पा होतील."

"शुक्रवारी तुम्ही जेवताच की," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी चिपळूणची. आमच्याकडे पाहुण्याला आमंत्रण द्यायचं तर आधी घरात दोन दिवस खल होतो. ही बाई तऱ्हेवाईक आहे असं मी नवऱ्याला, शेखरला, सांगून टाकलं आणि तरीही आम्ही गेलो, कारण येसर आमटी म्हणजे काय ते मला बघायचं होतं. मसाल्याची ती दाट, तिखटजाळ आमटी खाताना नाकातून पाणी आलं. सतरंजीवर आमच्या शेजारी शाळेच्या बसचे ड्रायव्हर साहेबराव बसले होते, परभणीचे. त्यांच्या खोलीवरचे दोघं एसी दुरुस्तीवाले होते. पुण्याहून नुकताच आलेला, गॅस पेटवायलाही घाबरणारा एक सॉफ्टवेअरवाला होता. मॅडम स्वतः बसल्याच नाहीत. उभ्याने फिरत प्रत्येकाच्या ताटात डोकावत होत्या. मी नको नको म्हणत असताना त्यांनी भाकरीचा चतकोर टाकलाच.

"पहिल्यांदा काय, कुणीबी वाढतंय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा कोण विचारतंय ते बघावं माणसानं."

शाळेत मॅडमचं काम मुलांना पुढच्या शिक्षणाचा रस्ता दाखवण्याचं. कुठल्या देशात, कुठल्या विद्यापीठात, कुठल्या खर्चात. तिथे त्या कडक इस्त्रीची साडी नेसून स्वच्छ प्रमाण मराठी नाहीतर खडखडीत इंग्रजी बोलायच्या. मराठवाड्याची बोली घरच्या चपलांसारखी घरातच असायची. फक्त पालक फार शहाणपणा करू लागले की ती शाळेतही बाहेर यायची.

आमच्यासाठी ती शाळेतल्या पहिल्याच भेटीत बाहेर आली. अमेरिकेतल्या विद्यापीठांना विद्यार्थ्याचं प्रोफाइल पाठवावं लागतं हे कळल्यावर शेखरने एक शुक्रवार-शनिवार जागून जुईचं प्रोफाइल स्वतः लिहिलं होतं. मॅडमनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

"शेखरराव, 'घरंदाज, निर्व्यसनी कुटुंब' हे कामून लिवलंय? पोरीला जीवशास्त्र शिकायला पाठवायचंय का सून म्हणून?"

जुई खुदकन हसली. त्या शाळेत ती एवढी मोकळी हसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. मग मॅडम माझ्याकडे वळल्या. मार्क, बक्षिसं, कथ्थकच्या परीक्षा हे सगळं त्यांनी हाताने बाजूला सारलं आणि विचारलं, "भूक लागली तर सांगते का ही?"

मी नकारार्थी मान हलवली. कारण जुई सांगत नाही. लहानपणापासून नाही. काही मनाला लागलं, परकं वाटलं की ही मुलगी जेवायची बंद होते, आणि कुणी खोदून विचारल्याशिवाय आपण जेवलो नाही हेही सांगत नाही. दोह्याला आल्यावर पहिले दोन महिने तिचा डबा जसाच्या तसा परत यायचा. तिला परदेशी एकटी पाठवायची या कल्पनेने माझी झोप उडायची ती ह्याच एका गोष्टीसाठी; परीक्षा-बिरीक्षा ती कुठेही पास होईल. हे सगळं मी मॅडमना सांगितलं. जुई पुटपुटली, "आई, प्लीज, आय अ‍ॅम नॉट अ बेबी."

"न्हाईस बाई," मॅडम म्हणाल्या. "पण उपाशी माणसाला जीवशास्त्र येत नस्तंय."

जुई बारावीला गेली त्या हिवाळ्यात शाळेच्या हॉलमध्ये विद्यापीठांचा मेळावा भरला. टेबलामागे टेबल, त्यावर गुळगुळीत माहितीपत्रकं, फोटोतली हिरवळ. पालक रँकिंग विचारत होते, नोकऱ्या विचारत होते. मॅडम आम्हाला घेऊन टेबलाटेबलाशी जात होत्या आणि एकच प्रश्न विचारत होत्या: "रविवारी संध्याकाळी तुमच्या हॉस्टेलची मेस उघडी असते का?"

टायवाला एक तरुण म्हणाला, आमचं फूड कोर्ट चोवीस तास चालू असतं. "आणि कार्डात पैसे नसलेलं मूल काय खातं?" मॅडमनी विचारलं. तो गोड हसला आणि त्याने मॅडमना एक पेन भेट दिलं. दुसऱ्या टेबलावरच्या बाईंनी, कळवते, म्हणून ईमेल लिहून घेतला. शेखर मला कोपराने ढोसत होता. लोक बघत होते. मलाही त्या घडीला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

कोपऱ्यातल्या टेबलाशी गर्दी नव्हती. पालक तिथवर यायचे, पाठीमागच्या मोठ्या फोटोतले चेहरे बघायचे आणि मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं आल्यासारखे पुढे सरकायचे. टेबलामागे साठीच्या एक कृष्णवर्णीय बाई बसल्या होत्या, रुपेरी केसांच्या बारीक वेण्या घातलेल्या. डेलोरिस त्यांचं नाव. अमेरिकेच्या दक्षिण भागातलं त्यांचं विद्यापीठ. गुलामगिरी संपली तरी कृष्णवर्णीयांच्या मुलांना दुसरीकडे दारं बंद होती, त्या काळात त्यांच्यासाठीच काढलेलं. आता सगळ्यांना प्रवेश आहे, पण घरातलं कॉलेजात जाणारं पहिलंच माणूस, अशी मुलं अजून आमच्याकडे खूप येतात, असं त्या अभिमानाने सांगत होत्या. खर्चाचंही त्यांनी न लपवता सांगितलं: फी अशी, राहणं असं, पुस्तकं आणि विमानप्रवास माहितीपत्रकात नसतो तो वेगळा. "कर्ज काढायची घाई करू नका," त्या शेखरला म्हणाल्या. "आधी कुठली शिष्यवृत्ती मिळतेय ते मला बघू द्या."

मॅडमनी आपला प्रश्न विचारला.

डेलोरिसबाई मोठ्याने हसल्या. "रविवारी? अहो, रविवारी आमच्या मुलांना मेसमध्ये जेवू कोण देतंय! गावातल्या जुन्या विद्यार्थ्यांची, प्राध्यापकांची घरं आहेत ना. मी चार वर्षं माझ्या रसायनशास्त्राच्या बाईंकडे जेवले. आता माझ्याकडे येतात. न आलेल्या मुलाला मी फोन करते."

साळवे मॅडम खुर्ची ओढून बसल्या. त्या टेबलाशी बसलेलं दुसरं कुणी त्या संध्याकाळी मी पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, "माझं कॉलेजही तसंच होतं." आणि दोघी एकमेकींचा हात धरून इतका वेळ बोलत बसल्या की हॉलमधले दिवे घालवायला आलेला माणूस ताटकळला.

जुईला तिथे प्रवेश मिळाला, बरीचशी फी माफ होईल एवढी शिष्यवृत्तीही. दुसरीकडच्या एका बड्या विद्यापीठाचंही पत्र आलं. शिष्यवृत्तीविना, पण नाव असं की नातेवाइकांना सांगताना छाती फुगावी. पुण्याहून माझ्या दिरांचा फोन आला. "काळ्यांच्या कॉलेजात पाठवणार? इथे लोकांना काय सांगायचं?" मी फोन शेखरच्या हातात दिला, नाहीतर चिपळूणच्या भाषेत काहीतरी बोलून बसले असते. शेखरची अडचण वेगळी होती आणि खरी होती. त्याने ती रविवारी मॅडमसमोर मांडली. साहेबराव आणि मंडळी जेवून हात धूत होती.

"मॅडम, तिथे आपलं कोण आहे? पोर एकटी पडेल."

मॅडम परात पुसत होत्या. परात पुसून त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली आणि मग पहिल्यांदाच आम्हाला त्यांच्या रविवारांचं कारण कळलं.

"औरंगाबादला होस्टेलात होते मी," त्या म्हणाल्या. "रविवारी संध्याकाळी मेस बंद. सगळ्याच होस्टेलात अस्तंय तसं. पैसेवाल्या पोरी बाहेर जायच्या, मिसळ-बिसळ खायच्या. आम्ही सहाजणी पाणी पिऊन लवकर झोपायचो. कुणाला सांगायची लाज. एका रविवारी आमच्या बॉटनीच्या बाई होस्टेलात आल्या. म्हणाल्या, माझ्याकडं भाकरी उरलीय, चला. सहाजणींना पुरंल इतकी भाकरी कुठं उरती व्हय? पण त्या तसंच म्हणायच्या. दर रविवारी. शेवटपर्यंत उरलीयच म्हणाल्या."

साहेबराव ओल्या हातांनी दारात उभे होते.

"बॉटनी विसरले मी सगळी. ते जेवण न्हाई विसरले. शेखरराव, कॉलेज बघताना ते आधी कुणासाठी काढलंय ते बघावं. आमचं कॉलेज ज्यांना कुणी दारात उभं करत न्हवतं त्यांच्यासाठी काढलेलं. तसल्या ठिकाणी लेकरू हुशार हाय का हे नंतर विचारतेत. जेवलंय का, हे आधी."

मग त्या जुईकडे वळल्या. "पण एक ध्यानात ठेव. ते घर त्यांनी सोसून बांधलंय. तू पाहुणी. त्यांचं दुःख ऐकून घ्यायचं, आपलं शहाणपण मधी घालायचं न्हाई. आणि वाढलं तर न्हाई म्हणायचं न्हाई."

"ओके, मॅडम," जुई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. गाडीत बसल्यावर शेखर एवढंच म्हणाला, "बड्या विद्यापीठाला नाही कळवून टाकूया."

त्याच उन्हाळ्यात मॅडमची नोकरी संपली. शाळेची वयाची अट, मग व्हिसा खलास, फायनल एक्झिट, म्हणजे कतार कायमचं सोडणं. जुईचं विमान आणि त्यांचं विमान एकाच आठवड्यातलं. विमानतळावर त्यांना सोडायला साहेबराव, एसीवाले, मी, शेखर आणि आता कुकर लावायला शिकलेला तो सॉफ्टवेअरवाला असे सगळे गेलो होतो. मला रडू आवरेना. त्या मात्र बॅगेच्या वजनावरून काउंटरवरच्या पोराशी हुज्जत घालत होत्या. आत जाताना वळून मला म्हणाल्या, "रविवारी काय करणार गं तू?" मी म्हटलं, "बघू." त्या म्हणाल्या, "बघू काय त्यात? पीठ आण."

तेव्हापासून रविवार आमच्याकडे आला. माझ्या भाकऱ्या भारताच्या नकाशासारख्या व्हायच्या. साहेबराव त्या न बोलता खायचे.

सप्टेंबरात जुईने एक फोटो पाठवला. मोठं टेबल, सात-आठ मुलं, ताटात घेवड्यासारखी उसळ, भात, मक्याचा पिवळा पाव. मध्ये आमची जुई, तोंड भरलेलं. मी तो मॅडमना पुढे पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. "बघितला. जेवण नको बघू गं, मागं उभी हाय ती डेलोरिस बघ. सगळ्यांची ताटं अर्धी झालीत आणि हिच्या हातात डाव तसाच हाय. म्हंजी दुसऱ्यांदा वाढायलीय." मग म्हणाल्या, "झोप आता निवांत." खरंच, त्या रात्री मी कितीतरी महिन्यांनी गाढ झोपले.

जानेवारीत मॅडम गेल्या. औरंगाबादला, आपल्या घरी, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या. साहेबरावांना गावाकडून कळलं, त्यांनी मला कळवलं. शनिवार होता. शेखर कामासाठी मस्कतला गेलेला. रविवारी मी ऑफिसला गेले, काम केलं, घरी आले आणि अंधार झाला तरी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. सगळ्यांना मेसेज केला: आज राहू द्या.

जुईचा फोन आला. तिकडे सकाळ होती. खूप रडली. मग नाक ओढत म्हणाली, "आय अ‍ॅम गोइंग टू मिस डेलोरिस्ज. शी इज मेकिंग मी सिट नेक्स्ट टू हर टुडे." आणि अडखळत, मराठीत म्हणाली, "आई, तू जेवलीस का?"

मी हो म्हटलं. कुणाची लेक आहे, खोटं ओळखलं असणार.

फोन ठेवते तोच बेल वाजली. दारात साहेबराव, मागे बाकीचे तिघं. साहेबरावांच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या, एकाच्या हातात पातेलं. मी म्हटलं, "अहो, मेसेज नाही मिळाला का? मॅडम गेल्या... आज कशाला?"

"मॅडम गेल्या ताई," साहेबराव चपला काढत म्हणाले, "पण रविवार आलाच की. आमच्याकडं भाकरी उरलीय. बसा तुम्ही, मी वाढतो."