कान तुटलेला कप

"आत जा. ओढणी खोच. कोणी विचारलं तर कामाला आहेस म्हणून सांग."

वहिनींनी माझ्या हातातलं व्याकरणाचं पुस्तक ओढलं आणि मला खुर्चीवरून उठवलं. फाटकाशी धुळ्याची गाडी उभी होती. त्यांचे मामेसासरे आबा आणि दोन जावा न सांगता आल्या होत्या. वहिनींनी नातेवाइकांत सांगून ठेवलं होतं, 'लेकीला, मनूला, शाळेत घातलं नाही, मी स्वतः घरी शिकवते.' शिकवत होते मी. रोज अमळनेरहून गाडीने जळगावला येऊन.

आत म्हणजे स्वयंपाकघरात. तिथला उंबरा मला आजवर बंद होता. पहिल्याच दिवशी वहिनींनी माझं आडनाव विचारलं होतं. मग गाव. मग गावात कुठली गल्ली. तेवढ्यावरून त्यांना कळायचं ते कळलं. दुसऱ्या दिवसापासून माझा चहा वेगळ्या कपात. कान तुटलेला कप. मीच धुवायचा, मीच खिडकीबाहेर पालथा घालायचा. मी गिळत राहिले. बी.एड. होऊन घरी बसले होते. इथे निदान मनू तरी मला टीचर म्हणायची.

आता तेही गेलं. बाहेर वहिनींचा आवाज सुरू झाला. "मनूने बोरं वेचली. यात कर्ता कोण?" हे वाक्य पुस्तकातलं नव्हतं. कालच मी मनूसाठी केलं होतं. माझी खुर्ची, माझं वाक्य.

सगळं घरीच शिकवते याचं आबांना कौतुक. "बठ्ठं घरमाच शिकाडस का तू? शाबास!"

मनू म्हणाली, "मम्मी, हे टीचरचं वाक्य आहे."

"कुठली टीचर? गंमत करते हो ती. ए, चहा आण गं!"

ए. टीचरची मी 'ए' झाले.

चहा मीच केला. त्यांच्याच पातेल्यात. घाईघाईत बाईसाहेब स्वतःच पाळलेला विटाळ विसरल्या होत्या. मला हसू आलं, मग असा संताप आला की खिडकीतून हात घालून मी माझा कप आत घेतला.

आबांना आणि जावांना चांगल्या कपांत दिला. कान तुटलेला वहिनींपुढे धरला. त्यांचा चेहरा उतरला. हात पुढे येईना. नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आबाच म्हणाले, "पी ले वं माय, थंडा व्हई ऱ्हायना."

त्या प्यायल्या. कप रिकामा होईपर्यंत मी समोरून हलले नाही. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मग मी पुस्तकासाठी हात पुढे केला. "उठा वहिनी. ही खुर्ची टीचरची आहे. तुम्ही आत्ता प्यायलात तो कपही टीचरचाच. माझ्या जातीसाठी खिडकीबाहेर ठेवलेला."

आबांनी हातातला कप खाली ठेवला. जावा एकमेकींकडे बघत राहिल्या. वहिनी उठल्या. मी बसले आणि कर्ता-कर्म पुरतं शिकवून मगच उठले. जाताना तो कप पिशवीत टाकला.

वहिनी फाटकापर्यंत आल्या. "तुझ्यासारखीला घरात घेतलं तेच चुकलं. जळगावात तुला कोणी दारात उभं करणार नाही."

त्यांनी फोन फिरवले. काही दारं बंद झाली खरी. तरी मी शिकवते आहे, याच जळगावात. वहिनींना मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

तो कप अजून पिशवीत असतो, व्याकरणाच्या पुस्तकाशेजारी. नव्या घरी पहिला चहा आला की मी आधी सगळ्यांचे कप बघते. माझा वेगळा निघाला, तर हा बाहेर काढीन. त्यातून त्या घरच्या मालकिणीला चहा पाजीन. मगच पुस्तक उघडीन.