काकाचं सैन्य घरात बसलं

रविवारी दुपारी काकाच्या घरी जेवणाचं टेबल पुसलं, की त्यावर नकाशा पसरतो. चार राज्यं, मधून नदी, लाकडाचे बोटाएवढे सैनिक आणि दोन फासे. खेळणारेही चारच: काका, काकू, शेजारचे दातांचे डॉक्टर आणि मी.

प्रत्येकजण आपापल्या धंद्याच्या भाषेत लढतो. काकू शिवणकाम करते, त्यामुळे तुमचा प्रांत गिळतानाही ती "इथून जरा आत घेऊ या" एवढंच म्हणते. डॉक्टर तुमची अख्खी फौज कापतात आणि वर "थोडं जाणवेल हं, दुखणार नाही" अशी समजूत घालतात. दुखतं. काका टॉवर क्रेन चालवतो. ढगाशेजारच्या त्या केबिनमधून वॉकी-टॉकीवर जे ओरडायचं, तेच तो टेबलावर ओरडतो, "खालचे बाजूला व्हा, माल येतोय." मग सगळं सैन्य घेऊन नदी ओलांडतो, घर राखायला एक शिपाई मागे ठेवत नाही आणि निम्म्या वेळा सपाटून हरतो. डॉक्टर त्याला बुलडोझर म्हणतात.

पण हल्ली बुलडोझर गॅरेजमधून निघेना. काका सगळे सैनिक राजधानीभोवती गोल रचून बसायचा आणि पाळी आली की फासे पुढे सरकवायचा. ओरडणंही बंद. डॉक्टरांना वाटलं, हा काहीतरी भयंकर डाव शिजवतोय. काकूला वाटलं, हा मुद्दाम आपल्याला जिंकू देतोय, म्हणून ती दोन दिवस फुगून बसली.

त्या रविवारी डॉक्टरांनी नदीवरचा पूल मुद्दाम मोकळा सोडला. काकानं एक सैनिक उचलला, पुलाच्या वर नेला आणि हात तिथेच थांबला. खाली ठेवेना, मागे घेईना. मला राहवलं नाही. मी हुबेहूब त्याच्या आवाजात म्हणाले, "खालचे बाजूला व्हा, माल येतोय."

सैनिक त्याच्या हातून सुटला. काका दचकून वाकला आणि हाताखाली काय आहे ते बघू लागला. खाली नकाशाच होता.

"ते नको बोलूस," तो म्हणाला.

रागावला नव्हता. हा आवाज मी त्याच्याकडून कधी ऐकलाच नव्हता. डॉक्टर दात बघताना बघतात तसं काकाकडे बघू लागले. काकूनं फासे बाजूला ठेवले आणि काय झालंय ते सरळ विचारलं.

मग त्यानं सांगितलं. क्रेनचा ब्रेक सरकत होता. माल हवेत थांबवला, तरी कळेल न कळेल इतका खाली येत राहायचा. एकदा सळयांचा जुडगा एका मजुराच्या हेल्मेटच्या वीतभर वर येऊन थांबला. मजुरानं वर बघून हात हलवला. त्याला वाटलं, काका गंमत करतोय. काकानं सुपरवायझर साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, ब्रेक ठीक आहे, दुसऱ्या पाळीवाल्याला काही त्रास नाही, तुझाच हात जड झालाय. तेव्हापासून काका रोज वर चढत होता आणि रोज स्वतःच्या हाताकडे बघत होता. उद्या पाण्याच्या टाक्या चढवायच्या होत्या.

काकू एवढंच म्हणाली, "आणि मला म्हणत होतास, पित्त झालंय."

डॉक्टर म्हणाले, उद्या जाऊच नका. काका म्हणाला, मी नाही गेलो तर लंबू चढेल. लंबू म्हणजे तो दुसऱ्या पाळीवाला. आतापर्यंत मी एकट्या काकासाठी घाबरले होते, आता दोघांसाठी घाबरायला लागले.

काकानं लंबूला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. त्यालाही सगळं सांगितलं.

"तुझ्याकडेही सरकतो?" लंबू म्हणाला. "मला तर साहेब म्हणाले, त्याला काही त्रास नाही, तुझाच हात जड झालाय."

शब्दसुद्धा तेच.

लंबूनं विचारलं, नोकरी गेली तर? काका म्हणाला, "गेली तर गेली म्हणायची माझ्यात हिंमत नाही. पण वर जायची त्याहून नाही." सकाळी दोघांनी शिडीपाशी उभं राहायचं आणि कुणीच चढायचं नाही, असं ठरलं. ब्रेक उघडून दाखवा, मगच पुढचं. पण हे साहेबांना आजच सांगायला हवं होतं. नाहीतर पहाटे ते तिसराच कुणीतरी शोधून आणतील.

काकानं साहेबांचा नंबर काढला आणि फोन उपडा ठेवला. मग माझ्याकडे वळला.

"तू साहेब हो," तो म्हणाला. "मी बोलून बघतो."

साहेब मला पाठ आहेत. ते रविवारीही फोन करतात, आणि स्पीकर बंद असला तरी स्वयंपाकघरात ऐकू येतात. मी नाकातून सुरू केलं, "काय रे, टाक्या कोण चढवणार, तुझा आजोबा?" आणि काका खुर्चीतल्या खुर्चीत ताठ होऊन म्हणाला, "बरं साहेब." डॉक्टरांना हसू आलं. काकूनं त्यांच्याकडे असं बघितलं, की ते गिळलं गेलं.

पुन्हा केलं. या वेळी तो "ब्रेक" म्हणाला आणि तिथेच अडकला. काकूनं पाणी दिलं. त्याचे दात पेल्याला लागल्याचा आवाज आला.

पुढच्या खेपेला मी इतक्या जोरात ओरडले, की नकाशावरचे दोन शिपाई आडवे झाले. काकानं टेबलाची कड धरली.

"नाही साहेब. मी चढणार नाही. तोही चढणार नाही. कुणाला चढू देणार नाही."

या वेळी वाक्य पूर्ण झालं होतं. मी साहेबांचा आवाज सोडला आणि आडवे झालेले शिपाई उभे केले.

काकानं फोन सुलटा केला आणि खऱ्या साहेबांना लावला. पलीकडे रिंग वाजू लागली. काकूनं त्याचं मनगट धरलं, मी काकूचं.