भाऊरावांची डबी

गोरखपुरातले आमचे शेजारी भाऊराव खडतकर म्हणजे छावणीच्या सदर बाजारातले जुने शिंपी. फौजी वर्द्या शिवण्यात जन्म गेला आणि स्वभाव असा, की मागितलं नाही तरी देतील. शर्टाच्या खिशात सुपारीची पितळी डबी. डॉक्टरांनी सुपारी बंद केली तेव्हा तिच्यात ब्लडप्रेशरच्या गोळ्या आल्या, पण वाटायची सवय गेली नाही. कोणाचं डोकं दुखलं की डबी पुढे. "घे, अर्धी घे. मला तर फर्स्टक्लास लागू पडली." घेणारेही शहाणे, निमूट गिळायचे! मला दोघांचाही राग यायचा.

त्यांच्या बायकोचं, शकुताईंचं कौतुक वेगळंच. आम्हा वऱ्हाडी लोकांत महालक्ष्म्या उभ्या बसवतात. त्यांना साडी नेसवावी तर शकुताईंनीच. घरोघरून बोलावणं यायचं. घरच्या महालक्ष्म्या नेसवून झाल्याशिवाय पोटात काही घालायचं नाही, हा त्यांचा नेम.

गेल्या वर्षी महालक्ष्म्या बसायच्या दिवशी त्या सकाळी नुसत्या चहावर आपली प्रेशरची गोळी घेऊन घरोघरी नेसवायला निघाल्या आणि दुपारी कपाळ दाबत परतल्या.

"डोकं ठणकून राहिलं हो."

"प्रेशर वाढलं असन. माझी घे, तुझ्यापेक्षा जोरदार आहे."

"सकाळी घेतली न मी माझी."

"अच्छा, मग काय झालं? चलो, घे."

प्रेशर मोजायचं यंत्र कपाटातच राहिलं. डोकं उपाशीपणाने दुखत असेल, हे दोघांच्याही मनात आलं नाही. नवऱ्याने मायेने दिलेली गोळी शकुताईंनी गिळली आणि निऱ्या घालायला खाली बसल्या. निऱ्या सुरेख झाल्या. पदर लावायला त्या झटकन उठल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तिथेच कोसळल्या. खुबा मोडला.

डॉक्टरांनी भाऊरावांना चांगलंच झापलं. एकाची गोळी दुसऱ्याला द्यायची नाही, ठरल्याहून जास्त घ्यायची नाही, उपास असेल तर आधी विचारायचं, बसल्यावरून सावकाश उठायचं. भाऊराव मान खाली घालून ऐकत होते. मला त्यांची फार दया आली.

ऑपरेशन झालं, पण शकुताईंना आधाराशिवाय उभं राहता येत नाही. कोणी विचारलं तर सांगतात, "फरशी ओली होती, घसरली मी."

"फरशी कोरडी होती," भाऊराव लगेच म्हणतात. "मी माझी गोळी देली तिला." लोक विषय बदलतात. डबी आता रिकामीच कपाटात पडून असते.

यंदा शकुताईंना कुठूनच बोलावणं आलं नाही. घरच्या महालक्ष्म्यांना भाऊरावांनी साडी नेसवायला घेतली.

"निऱ्या डावीकडे सरकून राहिल्या," शकुताई खुर्चीतून म्हणाल्या. भाऊरावांनी ओढल्या, तर पदर वाकडा झाला. सवयीने शकुताईंचे हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले.

"हळू!" भाऊराव ओरडत धावले.

शकुताई उठल्याच नव्हत्या. "राहू द्या," त्या म्हणाल्या, "तशीच राहू द्या."

दुसऱ्या दिवशी जेवायला आलेल्या प्रत्येक बाईची नजर त्या पदरावर जायची. "यंदा कोणी नेसवली?"

"मी," भाऊराव सांगत होते. "तिला उभं राहता येत नाही. माझ्यामुळे."